घरोघरी आकाश नेणारा माणूस

एखाद्या शास्त्रात काही करून दाखवायचे असेल, तर त्या शास्त्राची पदवी हवी, मोठ्या विद्यापीठाचा शिक्का हवा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अगदीच खोटी नाही. तरीही ज्ञानाच्या काही वाटा अशा आहेत, की ज्यांवर केवळ आवड आणि चिकाटी यांच्या बळावर माणूस पुष्कळ दूरवर जाऊ शकतो. खगोलशास्त्र ही त्यांपैकीच एक वाट. आकाश सर्वांच्या डोक्यावर सारखेच पसरलेले असते आणि ते पाहण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. ब्रिटनमधील पॅट्रिक मूर यांनी ही वाट धरली. त्यांच्याजवळ विद्यापीठात शिकून मिळवलेली पदवी नव्हती. पण पंचावन्न वर्षे, दर महिन्याला, दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून त्यांनी आपल्या देशबांधवांना रात्रीचे आकाश दाखवले.

पॅट्रिक मूर यांचा जन्म ४ मार्च १९२३ रोजी लंडनजवळील पिनर या गावी झाला. वडील सैन्यात कॅप्टन होते. आईला संगीताची आणि चित्रकलेची चांगली जाण होती. पॅट्रिक लहान असतानाच हे कुटुंब इंग्लंडच्या दक्षिण भागातील ससेक्स परगण्यात राहायला गेले. मुलाची प्रकृती नाजूक होती. हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. बरोबरीची मुले शाळेत आणि मैदानावर असत, तेव्हा पॅट्रिक घरातच असे. त्याचे बहुतेक शिक्षणही घरीच झाले.

या सक्तीच्या एकांतातच त्याला आयुष्यभराचा सोबती भेटला. सहा वर्षांचा असताना आईच्या संग्रहातील सूर्यमालेविषयीचे एक जुने पुस्तक त्याच्या हाती पडले. जॉर्ज चेंबर्स यांचे ते पुस्तक मुलांसाठी लिहिलेले नव्हते. तरी त्याने ते वाचून काढले. नंतर तो नकाशा घेऊन अंगणात जाऊ लागला आणि एकेक नक्षत्र ओळखू लागला. पुढे त्याने साडेसात पौंडांना तीन इंची भिंगाची एक दुर्बीण घेतली. ही छोटी दुर्बीण त्यांनी अखेरपर्यंत जपून ठेवली होती.

ब्रिटनमध्ये हौशी आकाशनिरीक्षकांची एक जुनी संस्था आहे. 'ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन' हे तिचे नाव. हौशी याचा अर्थ असा, की ही माणसे पोटासाठी दुसरा व्यवसाय करतात आणि आकाशाचे वेध मात्र निखळ आवडीपोटी घेतात. १९३४ मध्ये, अवघ्या अकराव्या वर्षी, पॅट्रिक या संस्थेचा सभासद झाला. तेराव्या वर्षी त्याने चंद्रावरील एका सपाट प्रदेशातील बारीक विवरांविषयीचा निबंध संस्थेपुढे सादर केला. चौदाव्या वर्षी गावाजवळच्या एका खाजगी वेधशाळेची देखभाल त्याच्याकडे सोपवण्यात आली. पुढे १९८२ ते १९८४ या काळात मूर याच संस्थेचे अध्यक्ष झाले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि हे शांत जीवन विस्कटले. मूर ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले आणि बाँबफेकी विमानांवर दिशादर्शक म्हणून काम करू लागले. ज्या मुलीशी त्यांचे लग्न ठरले होते, ती लंडनमध्ये रुग्णवाहिकेवर काम करीत होती. तिच्या गाडीवर बाँब पडून तिचा मृत्यू झाला, असे त्यांनीच नंतर सांगितले. त्यांनी पुढे लग्न केले नाही. हे दुःख त्यांच्या मनात कायमचे घर करून राहिले आणि त्याबरोबर जर्मन लोकांविषयीची कटुताही राहिली.

युद्ध संपल्यावर केंब्रिज विद्यापीठात शिकण्याची संधी त्यांना होती. सरकारी अनुदान घेऊन शिकण्याऐवजी आपल्या कमाईतून शिकावे, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी त्यांनी एका शाळेत शिक्षकाची नोकरी धरली. पण अध्यापन, निरीक्षण आणि लेखन यांतच वर्षे निघून गेली आणि विद्यापीठात जाणे राहूनच गेले. १९५३ मध्ये चंद्राविषयीचे त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते लेखनावर उपजीविका करू लागले. १९०८ साली तयार झालेल्या एका अवजड टंकलेखन यंत्रावर ते लिहीत. याच यंत्रावर त्यांनी आयुष्यात सत्तरहून अधिक पुस्तके लिहिली.

दिवसा लेखन आणि रात्री चंद्र, असा त्यांचा क्रम होता. बागेत बसवलेल्या साडेबारा इंची आरशाच्या दुर्बिणीतून ते चंद्राच्या कडेचा प्रदेश न्याहाळीत आणि पाहिलेले कागदावर रेखाटीत. कडेचाच प्रदेश का, हे समजून घेण्यासारखे आहे. चंद्राची एकच बाजू नेहमी पृथ्वीकडे असते, हे आपण जाणतो. पण आपल्या मार्गावरून फिरताना चंद्र किंचित डोलल्यासारखा दिसतो. त्यामुळे कधी या कडेचा, तर कधी त्या कडेचा थोडासा अधिक भाग नजरेस पडतो. धीराने पाहत राहिले, तर चंद्राच्या पृष्ठभागाचा सुमारे ५९ टक्के भाग पृथ्वीवरून पाहता येतो. कडेवरची विवरे आपल्याला तिरपी आणि दबलेली दिसतात, म्हणून त्यांचे नकाशे काढणे फार कठीण असते. हेच कठीण काम मूर यांनी आवडीने पत्करले होते.

या कष्टांचे चीज अनपेक्षित रीतीने झाले. ऑक्टोबर १९५९ मध्ये सोव्हिएत रशियाच्या 'ल्यूना ३' या यानाने चंद्राच्या पलीकडच्या बाजूची छायाचित्रे प्रथमच घेतली. ती अंधूक होती. त्यांतील खुणा पृथ्वीवरून दिसणाऱ्या प्रदेशाशी जुळवून पाहण्यासाठी रशियन शास्त्रज्ञांनी मूर यांच्या नकाशांचा उपयोग केला. बागेतल्या दुर्बिणीतून काढलेले नकाशे अंतराळयुगाच्या कामी आले.

तोपर्यंत मूर यांचा आवाज ब्रिटनमधील घराघरांत ओळखीचा झाला होता. २४ एप्रिल १९५७ च्या रात्री बीबीसी या प्रसारण संस्थेने 'द स्काय ॲट नाइट', म्हणजे 'रात्रीचे आकाश', हा नवा कार्यक्रम सुरू केला. त्या दिवसांत आरेन्ड-रोलँ हा धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. पहिल्या कार्यक्रमाचा विषय तोच होता. महिन्यातून एकदा, रात्री उशिरा, काही मिनिटांचा कार्यक्रम, अशी त्याची साधी आखणी होती. त्या वेळी अंतराळात एकही मानवनिर्मित उपग्रह नव्हता. पहिला उपग्रह 'स्पुटनिक' त्यानंतर पाच महिन्यांहून अधिक काळाने, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडण्यात आला. माणूस अंतराळात कधी जाईल की नाही, याविषयी जाणते लोकही साशंक होते. अशा वेळी ग्रहताऱ्यांवरचा कार्यक्रम कितीसा चालणार, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात मूर यांनी सातशेहून अधिक भाग सादर केले. इतका दीर्घकाळ एकाच निवेदकाने चालवलेला दुसरा कार्यक्रम दूरचित्रवाणीच्या इतिहासात सापडत नाही.

मूर यांचे रूप एकदा पाहिले की विसरता येत नसे. उंच, धिप्पाड देह, काहीसा अस्ताव्यस्त पोशाख, विस्कटलेले केस आणि एका डोळ्यावर दोरीला बांधलेली गोल काच. दोन डोळ्यांचा चष्मा सोडून अशी एकच काच वापरण्याची पद्धत तेव्हाही कालबाह्य झाली होती. ते अतिशय वेगाने बोलत. एखादी कल्पना मनात आली, की भुवया उंचावत, हात हलत आणि वाक्यांचा नुसता ओघ सुरू होई. आरंभीचे कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. एकदा बोलता बोलता एक माशी त्यांच्या तोंडात गेली. ती गिळून ते पुढे बोलत राहिले. दुर्बिणीतून ग्रह दाखवण्याचा बेत करावा आणि नेमके ढग यावेत, असेही घडे. मूर अशा वेळी खचत नसत. ढगांमागे काय आहे, हे ते आपल्या शब्दांनी दाखवीत.

त्यांच्या बोलण्यात प्रेक्षकाविषयी आदर होता. समोरच्याला काही येत नाही, असे गृहीत धरून ते सोपे करीत नसत. त्याला समजेल, असा विश्वास ठेवून ते सांगत. दूरदूरहून येणाऱ्या पत्रांना ते आपल्या टंकलेखन यंत्रावर स्वतः उत्तरे लिहीत. शाळकरी मुलाचे पत्र आणि प्राध्यापकाचे पत्र त्यांच्या लेखी सारखेच होते. आकाशाचे वेड असलेली मुले त्यांच्या घरी येत आणि त्यांच्या दुर्बिणीतून चंद्र पाहत. त्यांतील काही पुढे व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ झाले.

१९६५ मध्ये उत्तर आयर्लंडमधील आर्मा येथे नवे तारांगण उभारण्यासाठी त्याचे पहिले संचालक म्हणून मूर यांची नेमणूक झाली. १९६८ मध्ये ते तारांगण सुरू झाले आणि त्याच वर्षी ते ससेक्समध्ये परतले. सेल्सी या समुद्रकाठच्या गावातील 'फार्दिंग्ज' हे गवताने शाकारलेल्या छपराचे घर त्यांचे कायमचे ठिकाण बनले. त्यांची आई १९८१ मध्ये मृत्यू पावेपर्यंत त्यांच्याजवळच राहिली. बागेत एकामागून एक दुर्बिणी उभ्या राहिल्या. जुलै १९६९ मध्ये माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले, तेव्हा बीबीसीच्या लंडन येथील स्टुडिओतून त्या घटनेचे निवेदन करणाऱ्यांत मूर होते. ज्या भूमीचे नकाशे त्यांनी रात्र रात्र जागून काढले होते, तिच्यावर माणूस चालत होता. त्या रात्रीच्या त्यांच्या प्रक्षेपणाच्या बहुतेक चित्रफिती पुढे जतन झाल्या नाहीत.

चांद्रमोहिमांनी मूर यांच्या एका आवडत्या मतालाही धक्का दिला. चंद्रावरील बहुतेक विवरे ज्वालामुखींमुळे तयार झाली, असे ते दीर्घकाळ मानत असत. अंतराळवीरांनी आणलेल्या खडकांच्या अभ्यासातून मात्र ही विवरे प्रामुख्याने अशनींच्या आघातांनी बनली, हे स्पष्ट झाले. असेच दुसरे उदाहरण चंद्राच्या कडेवरील 'मारे ओरिएंटाले' या प्रचंड वर्तुळाकार प्रदेशाचे. तो आपण आणि आपले सहकारी विल्किन्स यांनी शोधला, असे मूर सांगत. परंतु जर्मन खगोलशास्त्रज्ञ युलियस फ्रांझ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच त्याची नोंद केलेली होती. निरीक्षण कितीही चोख असले, तरी त्यातून काढलेला निष्कर्ष आणि त्यावर सांगितलेला हक्क पुन्हा पुन्हा तपासला जातो. शास्त्राची रीतच अशी आहे आणि ती पदवीधराला व हौशी माणसाला सारखीच लागू पडते.

मूर यांचा विनोदही त्यांच्यासारखाच अफाट होता. १ एप्रिल १९७६ रोजी सकाळी त्यांनी रेडिओवरून एक बातमी सांगितली. प्लूटो हा गुरूच्या मागे जाणार असून ९ वाजून ४७ मिनिटांनी पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण क्षणभर कमी होईल, त्या क्षणी उडी मारल्यास तरंगल्यासारखे वाटेल, असे त्यांनी गंभीरपणे सांगितले. ठरलेली वेळ टळून गेल्यावर आपण खरोखरच तरंगलो, असे सांगणाऱ्या श्रोत्यांचे दूरध्वनी येऊ लागले. हा अर्थातच एप्रिल फूलचा खेळ होता. पण भारदस्त आवाजात सांगितलेली कोणतीही गोष्ट लोक किती सहज खरी मानतात, हेही त्यातून दिसले. पृथ्वी सपाट आहे किंवा आपल्याला परग्रहावरची भाषा येते, असे मानणाऱ्या माणसांवर त्यांनी १९७२ मध्ये एक मजेदार पुस्तकही लिहिले होते. त्या पुस्तकात ते या माणसांची मते पटवून घेत नाहीत, पण त्यांना हिणवतही नाहीत.

आकाशाखेरीजही त्यांना अनेक छंद होते. लाकडी पट्ट्यांवर हातोड्यांनी वाजवायचे झायलोफोन हे वाद्य ते कोणाकडे न शिकता उत्तम वाजवीत. त्यांनी संगीतरचनाही केल्या. गावच्या क्रिकेट संघात ते लेगस्पिन गोलंदाजी करीत. बुद्धिबळाची त्यांना आवड होती आणि मांजरांवर त्यांचा फार जीव होता. कोल्ह्यांच्या शिकारीला त्यांचा कडवा विरोध होता. सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी संगणकीय खेळांवरील मुलांच्या 'गेम्समास्टर' या कार्यक्रमातही काम केले. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंपैकी ऑर्व्हिल राइट, पहिला अंतराळवीर युरी गागारिन आणि चंद्रावर प्रथम उतरलेला नील आर्मस्ट्राँग या तिघांनाही ते भेटले होते. उड्डाणाच्या आरंभापासून चांद्रविजयापर्यंतचा सारा काळ जणू त्यांच्या ओळखीच्या माणसांत सामावला होता.

मात्र थोर व्यक्तीचे चरित्र वाचताना तिच्या उणिवांकडे डोळेझाक करू नये. ज्या माणसाची नजर लक्षावधी प्रकाशवर्षांपर्यंत पोहोचत होती, त्याची सामाजिक मते मात्र अनेकदा संकुचित होती. परदेशांतून ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक होणाऱ्यांना त्यांचा विरोध होता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अशाच विचारांच्या एका लहान राजकीय पक्षाचे ते अध्यक्षही होते. २००७ मध्ये दूरचित्रवाणीतील स्त्रियांच्या वाढत्या सहभागाविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांवर कठोर टीका झाली. युद्धात भोगलेल्या दुःखाने त्यांच्या कटुतेचे कारण कळते, पण तिचे समर्थन होत नाही. त्यांच्या घराचे दार येणाऱ्या प्रत्येक जिज्ञासूला उघडे असे, असे सांगणारे अनेक आहेत. हे दोन्ही मूर खरे होते. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा कार्यक्रम पुढे चालू राहिला आणि २०१४ मध्ये मॅगी ॲडेरिन-पोकॉक या शास्त्रज्ञ त्याच्या निवेदिका झाल्या. त्या स्त्री आहेत आणि त्यांचे आईवडील नायजेरियातून ब्रिटनमध्ये आले होते.

मूर यांच्या कामाचा एक धागा आपल्या देशातील आकाशाशीही जुळतो. अठराव्या शतकात शार्ल मेसिए या फ्रेंच निरीक्षकाने तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका यांची एक यादी केली होती. जगभरचे हौशी निरीक्षक ती वापरतात. पण ती फ्रान्समधून केलेली असल्याने दक्षिणेकडील आकाशातील अनेक सुंदर वस्तू तीत नव्हत्या. मूर यांनी १९९५ मध्ये १०९ वस्तूंची पूरक यादी प्रसिद्ध केली. मूर या नावाचे आद्याक्षर इंग्रजीत मेसिएच्या आद्याक्षरासारखेच असल्याने त्यांनी आपल्या 'कॉल्डवेल-मूर' या जोड आडनावातील पहिला भाग यादीला दिला. या यादीतील ऐंशीवी वस्तू म्हणजे नरतुरंग तारकासमूहातील 'ओमेगा सेंटॉरी' हा भव्य तारकागुच्छ. इंग्लंडमधून तो कधीच क्षितिजावर येत नाही. आपल्याकडे मात्र उन्हाळ्याच्या अंधाऱ्या रात्री, दिव्यांपासून दूर गेल्यास, दक्षिण क्षितिजाच्या वर तो एखाद्या धूसर ठिपक्यासारखा नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. घरच्या अंगणातून जे दिसत नाही, तेही इतरांना पाहता यावे म्हणून त्याची नोंद करण्याचे मोल मूर जाणून होते.

मानसन्मान त्यांच्याकडे उशिरा, पण भरभरून आले. २००१ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. त्याच वर्षी जगातील अग्रगण्य विज्ञानसंस्था असलेल्या रॉयल सोसायटीने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. एका लघुग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. आणखी एका लघुग्रहाला त्यांच्या कार्यक्रमाच्या नावाचे लॅटिन रूप दिलेले असून त्याचा क्रमांक ५७४२४ आहे. हे अंक नीट पाहिले, तर १९५७, एप्रिल, २४ ही पहिल्या कार्यक्रमाची तारीखच त्यांत वाचता येते.

म्हातारपण कठीण गेले. पाठीचे जुने दुखणे वाढले, सांधे आखडले, बोटे वाकली. झायलोफोन सुटला, टंकलेखन सुटले, दुर्बिणीजवळ उभे राहणेही सुटले. २००८ मध्ये 'क्वीन' या प्रसिद्ध वाद्यवृंदातील गिटारवादक आणि खगोलशास्त्राचे डॉक्टरेट मिळवलेले ब्रायन मे यांनी मूर यांचे घर विकत घेतले आणि मूर यांना तिथेच राहता येईल अशी व्यवस्था केली. पुढे कार्यक्रमाचे चित्रीकरणही त्या घरातच होऊ लागले. पंचावन्न वर्षांत मूर यांचा केवळ एक कार्यक्रम चुकला. जुलै २००४ मध्ये अन्नातून विषबाधा झाल्याने त्यांना येता आले नव्हते. ९ डिसेंबर २०१२ रोजी, वयाच्या ८९व्या वर्षी, सेल्सी येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

पॅट्रिक मूर यांच्या नावावर एखादा मोठा नियम किंवा सिद्धांत नाही. त्यांनी काढलेले चंद्राचे नकाशेही आता जुने झाले आहेत, कारण यानांनी घेतलेली छायाचित्रे त्यांहून कितीतरी बारकाईची आहेत. त्यांचे खरे काम वेगळे होते. आजारपणामुळे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला एका पुस्तकाने आणि एका छोट्या दुर्बिणीने जे दिले, ते त्यांनी पंचावन्न वर्षे इतरांना वाटले. ज्यांनी त्यांचे ऐकून एका रात्री दार उघडले, अंगणात येऊन मान वर केली आणि पहिल्यांदाच एखाद्या ताऱ्याला नावाने ओळखले, अशा असंख्य माणसांच्या आठवणीत पॅट्रिक मूर आहेत.